नाते : परिचित

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मला मागणी घातली. लग्नाची! बावन्नाव्या वर्षी, लिफ्टमध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

पेन्शन ऑफिसात दाखल्याचा कोरा कागद आणायला गेले होते. दर नोव्हेंबरात भरून द्यावा लागतो. 'मी हयात आहे व पतीच्या निधनानंतर मी पुनर्विवाह केलेला नाही.' खाली माझी सही, त्याखाली दोन साक्षीदारांच्या. कागद चौथ्या मजल्यावर मिळतो, आणि साक्षीदार लागतात हे बहुतेकींना चौथ्या मजल्यावर पोचल्यावरच आठवतं. मग सगळ्याजणी लिफ्टवाल्यांना गाठतात. तीस वर्षं ते त्याच लिफ्टमध्ये आहेत, चेहऱ्याने सगळ्यांना ओळखतात. दुसरी सही तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याची. माझ्या आजवरच्या नऊ दाखल्यांवर हे दोघंच आहेत. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात लिफ्टवाले दर वेळी तिरक्या अक्षरात लिहितात — परिचित. दुसरं काही लिहिताही येत नाही. खाली छापलेलंच आहे, साक्षीदार नातेवाईक नसावा.

माझे हे वारले त्या वर्षी मी पहिल्यांदा तिथे गेले होते, तेव्हा साक्षीदार-बिक्षीदार मला काही ठाऊक नव्हतं. कारकूनबाईंनी कागद परत केला आणि लिफ्टमध्ये मला रडू कोसळलं. लिफ्टवाल्यांनी लिफ्ट खाली आणली, पण दार उघडलं नाही. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. माझं आटोपल्यावर म्हणाले, "कागद द्या इकडे." मी म्हटलं, "अहो, ओळख ना पाळख!" तर म्हणाले, "चौथ्या मजल्यापासून ओळखतो की."

पेन्शनची बँक त्याच इमारतीत आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी जाते. तेव्हा लिफ्टवाल्यांची जेवणाची सुट्टी असते. जिन्याखालच्या बाकावर दोन कप चहा. त्यांची बायको जाऊन सतरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. नऊ वर्षं आमचं हे एवढंच चाललंय. चहा!

तर आज लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. त्यांनी हँडल सोडलं, लिफ्ट मधेच थांबली. म्हणाले, "नऊ वर्षं लिहून देतोय, ह्या बाईंनी पुन्हा लग्न केलेलं नाही. दहाव्या वर्षी मी खोटा पडलो तर चालेल का तुम्हाला?"

मी म्हटलं, "लिफ्ट बिघडली का?"

काय पण उत्तर! शाळकरी मुलगीसुद्धा याहून बरं बोलली असती. तेवढ्यात तिसऱ्यावरून कोणीतरी घंटा बडवायला लागलं, आणि मी कागद न घेताच घरी आले.

४ ऑक्टोबर

हो म्हणावंसं वाटतंय. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

७ ऑक्टोबर

इस्पितळाच्या शिवणखोलीत आज दिवसभर जुन्या चादरी. मधोमध विरलेली चादर उभी कापायची, कडेच्या धड राहिलेल्या बाजू आत घेऊन जोडायच्या, विरलेल्या बाहेर टाकून दुमडायच्या. आणखी तीन वर्षं जाते. हे मला सासूबाईंनी शिकवलं. ह्याच खोलीत त्यांनी एकतीस वर्षं शिवण केलं, सगळी रोजंदारीवर. शेवटच्या दिवशी स्वतःची कात्री घेऊन घरी आल्या, तेवढीच काय ती त्यांची पेन्शन.

शेजारच्या मशीनवरचीला माझ्या तोंडावरूनच कळलं. "काय गं, चौथा मजला काय म्हणतो?" तिने त्यांचं नाव चौथा मजला ठेवलंय. मी सांगितलं. तिने मशीनच थांबवलं! मग म्हणाली, "अगं पण पेन्शन?"

तेच ना. तोच प्रश्न घेऊन चार दिवस हिंडतेय. माझा पगार घरभाड्यातच संपतो. सासूबाईंची औषधं, डोळ्यांचे थेंब, किराणा, वीज, सगळं ह्यांच्या पेन्शनवर. हे गोदीत क्रेन चालवायचे, पेन्शन गोदीची. आणि दाखला कशासाठी घेतात? मी लग्न केलं की ती बंद करता यावी म्हणून!

लिफ्टवाल्यांना फोन केला. मी हो म्हणाले नाही, फक्त अडचण सांगितली. ते म्हणाले, "माझीही पेन्शन सुरू होईल की." मी विचारलं, "पुरेल?" म्हणाले, "खरं सांगू? लिफ्टवाल्याची पेन्शन पहिल्या मजल्यापर्यंतच जाते."

१० ऑक्टोबर

जिन्याने गेले! चार मजले! लिफ्टमध्ये शिरायची लाज वाटली.

कारकूनबाईंना म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीला विचारायचंय. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मैत्रिणीचं लग्न कधी आहे?" मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर बसवलं आणि नीट समजावलं. बाई वाटतात तशा खडूस नाहीत.

लग्न केलं की माझी पेन्शन त्या दिवसापासून बंद. कायमची. दुसरं लग्न टिकलं नाही तरी परत सुरू नाही. इथवर मला माहीत होतं. पण पुढचं माहीत नव्हतं! गेलेल्या माणसाची आई हयात असेल, तिला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि ती मुलावर अवलंबून असेल, तर तीच पेन्शन आईच्या नावाने पुढे चालू राहते.

मला खुर्चीतून उडीच मारावीशी वाटली. म्हणजे सासूबाईंचं काहीच अडत नाही! बाई म्हणाल्या, "थांबा, फाईल बघू." ह्यांनी नोकरीत भरलेला कुटुंबाचा तक्ता बाईंनी काढला. पत्नी, माझं नाव. मुलगी, तिचं नाव, मागाहून घातलेलं. आई — आडवी रेघ. ह्यांच्याच पेनाची.

"नाव अजूनही घालता येतं," बाई म्हणाल्या. "पण आजींना स्वतः इथे येऊन माझ्यासमोर सही करावी लागेल. आणि तुमच्या मैत्रिणीच्या लग्नाआधी. एकदा फाईल बंद झाली की मी काय, कुणीच उघडू शकत नाही." दाखल्याचा कागद आणि हा कोरा अर्ज हातात दिला. अर्जात पहिलंच वाक्य — 'मी माझ्या मुलावर सर्वस्वी अवलंबून होते.'

वाचलं आणि घडी करून पर्समध्ये घातला.

१२ ऑक्टोबर, रविवार

ती रेघ कुणी मारायला लावली हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तिथेच उभी होते.

नवीन लग्न झालेलं. ह्यांनी तक्ता घरी आणला. सासूबाई काज करत बसल्या होत्या. ह्यांनी मोठ्याने वाचलं, "अवलंबून असलेल्या व्यक्ती. आई, तुझं नाव लिहितो." सासूबाईंनी सुई थांबवली. "अवलंबून? मी? तुझ्या दहावीची फी कुणी भरली? घरात पगार आणणारी बाई आहे मी. मार रेघ." हे हसले, आणि मारली रेघ. मीही हसले! तेव्हा ती गंमत होती.

आज त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या. नाकावर माशी बसू देत नाहीत अजून. त्यांना जाऊन काय सांगू? आई, तुम्ही अवलंबून आहात असं लिहून द्या, म्हणजे तुमच्या मुलाच्या बायकोला दुसरं लग्न करता येईल. एका दमात दोन अपमान.

लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. आधी किंचाळली, मग रडली, मग व्यवहारावर आली. "नोंदणीच करू नका ना आई! राहा एकत्र. दाखल्यावर सही करत राहा. कोण बघायला येतंय? आजीला तरी कशाला सांगतेस?"

सोपं आहे की! दिवसभर डोक्यात तेच.

१५ ऑक्टोबर

लेकीचं म्हणणं लिफ्टवाल्यांना सांगितलं. जिन्याखालच्या बाकावर, आज शुक्रवार नसतानाही.

त्यांनी कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "तीस वर्षांत साक्षीच्या किती सह्या केल्या त्याची गणती नाही. एकही खोटी नाही. एकदा एका बाईंनी लग्न करून कागद आणला होता, मी सही केली नाही, लिफ्टमधून उतरून निघून गेल्या. आता स्वतःच्याच बायकोचं लिहून देऊ, हिने लग्न केलेलं नाही? परिचित?"

राग आला. मग मनातून बरं वाटलं. स्वतःची बायको म्हणाले!

दुसरी बातमी. नोव्हेंबरअखेर ते निवृत्त. तीस तारखेला रविवार, म्हणजे अठ्ठावीसलाच शेवटचा दिवस. लिफ्ट काढून बटणांची बसवणार आहेत. ऑफिसची खोलीही सोडावी लागेल. लग्न ठरलं नाही तर ते भावाकडे जाणार. भाऊ राहतो तिथे जायला दीड दिवस लागतो.

"तुम्ही नुसतं सांगा," म्हणाले, "मी घाई करत नाही." घाई करत नाही म्हणे! आणि तारीख सांगून मोकळे.

१९ ऑक्टोबर

आज विचारायचंच असं ठरवून बसले.

"आई, एक विचारू?"

"साखर संपली का?"

"नाही."

"मग विचार."

"… साखर आणून ठेवू का?"

दोन किलो साखर आणली. मला काय म्हणावं!

२४ ऑक्टोबर

अर्जावर सासूबाईंचं नाव भरलं आणि घरच्या मशीनच्या खणात, रिळांच्या डब्याखाली ठेवला. रोज काढून वाचते आणि परत ठेवते.

२ नोव्हेंबर

सापडला. सासूबाई पांढरं रीळ शोधत होत्या.

"ह्या कागदावर माझं नाव कशाला?"

मी आंघोळीहून येत होते, केस ओले, तशीच उभी राहून सगळं सांगितलं. पेन्शन, रेघ, अर्ज, सगळं. तोंडात शब्द मावत नव्हते. शेवटी त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"लिफ्टवाले."

"कुठल्या लिफ्टचे?"

"पेन्शन ऑफिसच्या."

त्यांनी कागद खाली ठेवला. रिळाचा सुटलेला दोरा सावकाश गुंडाळला. "माझ्या मुलाच्या पेन्शनला जातेस, आणि…" पुढचं बोलल्या नाहीत. ते बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

४ नोव्हेंबर

सासूबाईंनी मिठाची गुळणी धरलीय. औषध हातातून घेतात, पाणी घेतात. शब्द नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिफ्टवाल्यांना सांगितलं की सासूबाईंना कळलंय. त्यांचा पहिला प्रश्न, "जेवल्या का त्या?"

मी म्हटलं, जेवतात, पण बोलत नाहीत. ते म्हणाले, "हे बघा, काहीही ठरो, त्यांना घेऊनच राहायचं. मी येईन तुमच्याकडे, एक ट्रंक आणि एक खुर्ची. त्यांना एकटं टाकून येणाऱ्या बाईला मी ओळखत नाही."

घरी येताना वाटेत थांबून थोडी रडले. वाईट वाटून नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या घराचा हिशोब तीन माणसं धरून केला.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस विसरता आला तर बरं.

बाजारातून आले तर सासूबाईंच्या पलंगावर नऊ कागद ओळीने मांडलेले. माझ्या दाखल्यांच्या झेरॉक्स. मी पत्र्याच्या पेटीत ठेवते, त्यांनी काढल्या. बोट प्रत्येकावरच्या तिरक्या अक्षरावर नेत होत्या.

"नऊ वर्षं एकच अक्षर," म्हणाल्या. "नऊ वर्षं चाललंय हे?"

इतकं लागलं! मी आवाज चढवून बोलले. घरात आल्यापासून पहिल्यांदा. "नऊ वर्षं चाललेलं नाही, आई. नऊ वर्षं काहीच चाललं नाही! तुमची औषधं, तुमचे डोळे, माझं मशीन. तुम्हाला माझ्यावर संशय घ्यायचाच असेल तर घ्या, पण त्या माणसावर घेऊ नका. त्याने एक खोटी सही केलेली नाही."

त्यांनी कागद गोळा केले. पेटीत परत ठेवले.

म्हातारीला बोलले. चुकलेच मी. पण बोललेलं खोटं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

लिफ्टवाल्यांना नाही सांगून आले. म्हटलं, मला जमणार नाही. ह्या वयात सासूबाईंना रडवून मला घर मांडायचं नाही.

ते म्हणाले, "बरं."

मग लिफ्टचं दार ओढून घेतलं, परत उघडलं. "दाखल्यावर सही लागेलच तुम्हाला. अठ्ठावीसच्या आत या. परिचित लिहायला मी आहेच."

भांडले असते तर परवडलं असतं.

१४ नोव्हेंबर

काही नाही.

२१ नोव्हेंबर

संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली. थेंब घातल्यावर अर्धा तास त्यांना अक्षर दिसत नाही. उशाशी तो अर्ज. मला वाटलं होतं, त्यांनी फेकूनच दिला असेल!

"वाच."

वाचलं. 'मी माझ्या मुलावर सर्वस्वी अवलंबून होते.'

"परत वाच."

परत वाचलं.

"खोटं आहे," म्हणाल्या. "तोच माझ्यावर अवलंबून होता. पंचविशी उलटली तरी मोजे कुठे आहेत ते मीच सांगायची." आणि हसल्या. किती दिवसांनी! मीही हसले. मोज्यांचं खरंच आहे, लग्नानंतर तो शोध माझ्याकडे आला.

मग त्यांनी अर्ज घडी करून उशीखाली सारला. रात्रीच्या जेवणाला "मीठ कमी आहे" एवढं म्हणाल्या. म्हणजे अबोला सुटला. मला तेवढंही पुष्कळ आहे. खरंच आहे. ह्यांच्या आईबरोबर हसता येतंय, छप्पर आहे, काम आहे. बाकीचं नशिबात नव्हतं असं म्हणून पुढे जाता येतं. माणसं जातातच.

२५ नोव्हेंबर

शेजारच्या मशीनवरची आज माझ्याशी भांडली. "तू स्वतःच नाही म्हणालीस आणि आता चादरीवर टिपं गाळतेस. म्हातारीने नाही म्हटलंय का तुला? तोंडाने? एकदा तरी?"

आठवून पाहिलं. तोंडाने नाही म्हटलेलं नाही.

पण हो तरी कुठे म्हणाल्या!

२७ नोव्हेंबर

दाखला भरून पर्समध्ये ठेवला. 'मी पुनर्विवाह केलेला नाही.' दहा वर्षांत हे वाक्य लिहिताना आज पहिल्यांदा पेन अडलं. माझी सही तेवढी राहिलीय, ती तिथेच करीन. साक्षीदारांच्या जागा मोकळ्या. उद्या लिफ्टवाल्यांचा शेवटचा दिवस, उद्याच जावं लागणार.

भांडी आवरताना मागून सासूबाई. "ते ऑफिस उघडतं किती वाजता?"

"दहा. का?"

"मीही येणार. माझे बाहेर जायचे बूट काढून ठेव."

चार वर्षांत त्या जिना उतरल्या नाहीत! मी म्हटलं, आई, कशाला, दगदग होईल. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. कात्री काढून नखं कापत बसल्या.

लिफ्टवाल्यांना बोलायला येणार असतील. सगळ्यांदेखत. निरोपाच्या दिवशी! बोलल्या तर बोलू देत, मी मध्ये उभी राहीन. एवढं तरी मी त्यांचं देणं लागते.

२८ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये सासूबाईंनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. बोलल्या काही नाहीत. वर मी पर्स उघडायच्या आत सासूबाईंनी उशीखालचा अर्ज कारकूनबाईंपुढे ठेवला. "वाक्य चुकीचं आहे. मुलावर मी कधीच अवलंबून नव्हते. नऊ वर्षं हिच्यावर आहे. पण तसा रकाना नाही तुमच्याकडे. द्या पेन." आणि सही केली.

साक्षीला लिफ्टवाल्यांना बोलावलं. 'अर्जदाराशी नाते' पाशी त्यांचा हात थांबला. सासूबाईंनी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं — जावई.

"अहो आजी, नातेवाईक साक्षीदार चालत नाही! खोडा ते," कारकूनबाई म्हणाल्या.

"खोडणार नाही. दुसरा साक्षीदार आणा."

लिफ्ट चालवायला कुणी नव्हतं. झेरॉक्सवाला एका गिऱ्हाइकाला धरून चार मजले जिन्याने धापा टाकत आला.

माझा दाखला पर्समध्येच आहे. सही केली नाही.